काचेवरचे आकडे

हॅवर गावात, मोंटानाच्या पार वरच्या कडेला,
लिंडक्विस्टच्या आवारात माझं काम एवढंच :
ट्रकांवरचा बर्फ झाडायचा
आणि काचेवर किंमत रंगवायची.
पांढऱ्या रंगाचा डबा, दोन बोटं रुंद ब्रश.
सातचा आकडा मला फार सुबक येतो.
सहाचं पोट नेहमी ओघळतं.

दारापाशी दोघे उभे, एकाच कारखान्याचे,
जुळे म्हणावेत इतके सारखे.
डिझेलच्या काचेवर चोपन्न हजार दोनशे,
ऑगस्टात लिहिले, अजून तेच.
विजेवरच्याच्या काचेवर तेव्हा
अडुसष्ट हजार नऊशे.
लोक यायचे, दोन्ही काचा वाचायचे,
ओठ हलवत वजाबाकी करायचे,
टायरला एक लाथ,
आणि चालते व्हायचे.

नोव्हेंबरात मालक म्हणाला, पूस.
त्रेसष्ट चारशे लिहिले.
जानेवारीत म्हणाला, पूस,
या वेळी माझ्याकडे न बघता.
एकोणसाठ नऊशे.
एक मैलही न चालता
उभ्या उभ्या स्वस्त झाला बिचारा.
मी रेल्वेतून सुटलो तेव्हा
माझंही थोडं असंच झालं होतं,
पण ते जाऊ दे.

काल आर्डिस होव्हलँड आली,
टपाल वाटणारी, स्वतःच्या गाडीतून.
एकशे बारा मैलांचा फेरा, चारशे नऊ पेट्या,
रविवार सोडून रोज.
विक्रेता पोरगा बोलायला लागला
तर म्हणाली, थांब, आधी बसू दे.
उजवीकडे सरकून बसली,
डावा पाय लांबवून पेडलपर्यंत पोचतो का पाहिलं
(पेट्या उजव्या हाताला असतात ना रस्त्यावर),
मधली फळी दुमडून पाहिली,
शिंप्याची टेप काढून माप घेतलं.
मग एका लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब :
वर्षाचं डिझेल आठ हजारांचं,
वर्षाची वीज दोन हजारांची.
"घेताना हा महाग, पोसताना तो," ती पुटपुटली.
"वर्षभरात फिटतंय की."
पोरगा हसला. लवकर हसला.

"आणि थंडीत किती चालतो?"

पोरगा माझ्याकडे पाहू लागला.
बॅटरीचा आकडा रोज मी बघतो, बर्फ झाडताना.
मी म्हणालो, बाई, शून्याखाली बावीसला,
हीटर लावून, चारशे नऊ वेळा थांबून,
एकशे वीस. जास्त धरू नका.
"म्हणजे उरले आठ मैल."
आठ मैल.
होव्हलँडांच्या कुंपणापासून
शेजाऱ्याचा दिवा दिसतो, तेवढेच.

तेवढ्यात तिचा श्वास काचेवर जाऊन गोठला
आणि दवाच्या पांढऱ्यात
माझे पुसलेले आकडे एकेक करून वर आले :
अडुसष्ट, त्यावर त्रेसष्ट, त्यावर आजचे.
साबणाने घासलं तरी काचेने सोडलं नव्हतं.
आर्डिस बराच वेळ वाचत राहिली,
पोस्टातली बाई पत्ता वाचते तशी.
"यातली खरी किंमत कुठली?"

पोरगा गप्प.
शेजारच्या काचेवर तिने श्वास सोडला, मुद्दाम.
डिझेलवर खाली काहीच उमटलं नाही.
"त्याला कुणी विचारलंच नाही वाटतं,"
ती म्हणाली.

मग हातमोजा काढून
बोटाने दवावर लिहिलं : सत्तावन्न.
"आठ मैलांचे एवढे कमी करा.
बर्फात अडकले तर ते मैल मीच चालणार आहे."

पोरगा आत पळाला.
काचेपलीकडे मालक मान हलवतोय,
हो की नाही ते इथून कळत नाही.
मी पाच लिहून ठेवलाय,
त्यावर भांडण नाही.
ब्रश हवेत धरलाय,
टोकावर रंग गोठत चाललाय,
पुढचा आकडा नऊ की सात, आतून यायचाय.

सात आला तर बरं.
सात मला येतो.